दहा मीटर एअर रायफल: रायफल स्वतःच्या अंगाला कशी बेतावी आणि तिच्यावर सराव कसा करावा

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे मोहरीच्या दाण्याहून लहान. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्याची कड ठिपक्याला नुसती लागली तरी १०.० मिळतात, त्यामुळे प्रत्यक्षात छर्र्याच्या मध्याला केंद्रापासून अडीच मिलिमीटर सरकायची मुभा असते. तिथून आत दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण वाढतो आणि १०.९ हवे असतील तर चूक पाव मिलिमीटरच्या आत राहावी लागते. हे सगळं उभं राहून, पाच किलोच्या आसपासची रायफल पेलत, ७५ मिनिटांत साठ वेळा करायचं.

एवढी अचूकता दंडाच्या ताकदीने येत नाही. स्नायूंवर भार आला की ते थरथरतात, थकले की जास्तच थरथरतात. हाडं थरथरत नाहीत. म्हणून रायफलचं वजन कोपरातून कमरेच्या हाडावर, तिथून पायांवर आणि पायांतून जमिनीवर उतरलं पाहिजे. मॅच म्हणजे स्पर्धेच्या रायफलवर जे डझनभर स्क्रू आणि सरकणारे भाग दिसतात ते सगळे याचसाठी. आधी शरीर जसं सहज उभं राहतं तसं उभं करायचं आणि मग रायफल त्याला आणून जुळवायची. नवखे बरेचदा उलट करतात: क्लबची रायफल जशी हातात येते तशी धरतात आणि मान, खांदा, कंबर तिच्याभोवती वाकवत बसतात. त्यातून पाठदुखी लागते आणि गुण एका जागी अडकतात.

महाराष्ट्रात या खेळाची मुळं खोल आहेत. अंजली भागवत यांनी २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या एअर रायफल फायनलपर्यंत मजल मारली, सुमा शिरूर यांनी २००४ मध्ये आशियाई स्पर्धेच्या पात्रता फेरीत ४०० पैकी ४०० गुण घेतले, कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून) विश्वविजेत्या झाल्या, ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोला एअर रायफलमध्ये. आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक आणल्यावर तर गावोगावचे पालक मुलांना घेऊन रेंजवर यायला लागले. त्या मुलांसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि उशिरा सुरुवात करणाऱ्या मोठ्यांसाठीही हा लेख आहे. सगळं वर्णन उजव्या हाताच्या नेमबाजासाठी आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट धरावी.

कायदा आणि हद्द

४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जा नसलेल्या एअर रायफलला आपल्याकडे शस्त्रपरवाना लागत नाही. मॅच एअर रायफल यात आरामात बसते: साधारण अर्ध्या ग्रॅमचा छर्रा ती सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सोडते, म्हणजे ऊर्जा आठ ज्यूलच्याही आत. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा मागेल, तो द्या आणि पक्की पावती जपून ठेवा. .२२ बोअरची रायफल मात्र बंदुकीत मोडते, तिला शस्त्र कायदा १९५९ खाली परवाना लागतो, आणि परवान्याशिवाय बंदूक बनवणं किंवा तिच्यात बदल करणं हा गुन्हा आहे.

एअर रायफलमध्येसुद्धा आपण जे बेतणार आहोत ते स्टॉक (बॅरल पेलणारा, हाताखांद्याला लागणारा सांगाडा), साइट (नेम धरायची साधनं), वजनं आणि ट्रिगरची स्क्रूने होणारी जुळणी एवढंच. बॅरल, व्हॉल्व्ह, रेग्युलेटर यांना घरी हात लावायचा नाही. ते कंपनीच्या किंवा अधिकृत दुरुस्ती करणाऱ्याच्या ताब्यात द्यायचं काम आहे. आत २०० बार दाबाची हवा असते, हे कायम लक्षात ठेवावं.

रायफलच्या आधी जॅकेट

हा क्रम मी आग्रहाने सांगतो. नेमबाजीचं जॅकेट, ट्राउझर आणि बूट ठरल्याशिवाय रायफलची मापं ठरवू नका, कारण खांद्यावर जॅकेटचा थर आला की बटची, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची, लांबी बदलते आणि बुटाच्या सपाट तळाने उभं राहण्याचा तोलच बदलतो. टी-शर्टवर जुळवलेली रायफल जॅकेट चढवल्यावर परकी वाटते.

जॅकेट मापाने शिवून घ्यावं. कापडाची जाडी एका थराला २.५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, दुहेरी ठिकाणी ५ मिलिमीटर. फार घट्ट शिवलं तर श्वास कोंडतो, सैल राहिलं तर कमरेचा आधार जातो. बटणं लावून हात खाली सोडले असताना पुढची बाजू किती ओढून एकावर एक नेता येते, हेही स्पर्धेत तपासतात. ती किमान ७० मिलिमीटर नेता यायला हवी. वाढत्या वयाच्या मुलांना पहिल्याच वर्षी महागडं जॅकेट शिवू नका, क्लबमध्ये मोठ्या मुलांचं वापरलेलं बहुतेक वेळा मिळतं. हातमोजा बारा मिलिमीटरच्या आतला. उघड्या डाव्या डोळ्यासमोर पट्टी लावायची असेल तर ती ३० मिलिमीटरपेक्षा रुंद नको. एक डोळा मिटून नेम धरू नये, त्याने चेहऱ्याचे स्नायू ताणतात आणि उघड्या डोळ्यावरही ताण येतो.

कोणती रायफल घ्यावी

फाइनवेर्कबाउ, वॉल्थर, अन्शुट्झ, स्टायर या कंपन्यांच्या रायफली रेंजवर दिसतात. नवी घ्यायची तर किंमत लाखांच्या घरात जाते. मला विचाराल तर पहिले सहा महिने क्लबचीच रायफल वापरावी. या काळात तुमची पोझिशन जुळत जाते आणि आपल्याला कुठे जास्त उंची हवी, कुठे कमी लांबी हवी हे कळतं. मग जुनी पण नीट ठेवलेली रायफलही विचारपूर्वक घेता येते. या चारही कंपन्यांच्या चांगल्या रायफली तुमच्या माझ्यापेक्षा अचूक मारतात, क्लॅम्पमध्ये बांधून मारलं तर छर्रे एकाच भोकातून जातात. त्यामुळे निवड करताना एकच प्रश्न विचारा: स्टॉक माझ्या मापाला येईल का?

जुनी रायफल घेताना हवेच्या सिलिंडरवरची तारीख वाचा. सिलिंडरची मुदत साधारण दहा वर्षांची असते, तारीख उलटलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही आणि वापरूही नये. बारा-चौदा वर्षांच्या मुलांना पाच किलोची रायफल देऊ नका. त्यांच्यासाठी आखूड स्टॉकच्या हलक्या रायफली असतात. नियमाने साइटसकट जास्तीत जास्त साडेपाच किलो चालतं, पण ती कमाल मर्यादा आहे, तिथवर पोचायची गरज नसते.

पोझिशन: रायफल हातात न घेता

टार्गेटच्या रेषेला काटकोनात उभे राहा, डावी बाजू टार्गेटकडे. पाय खांद्याएवढे फाकलेले, गुडघे सरळ पण ताठ दाबलेले नाहीत. डावी कंबर किंचित टार्गेटकडे सरकू द्या. आता डावा हात दुमडून कोपर कमरेच्या बाजूच्या हाडावर टेकवा. ज्यांचे हात आखूड किंवा धड लांब आहे त्यांचं कोपर हाडापर्यंत पोचत नाही, बरगडीच्या खाली टेकतं. चालतं तेही, फक्त दर वेळी एकाच जागी टेकलं पाहिजे. धड थोडं मागे आणि उजवीकडे झुकतं, कारण पुढे येणाऱ्या वजनाचा तोल सांभाळायचा असतो. हा झुकाव जितका कमी तितका कण्यावर भार कमी.

या अवस्थेत मान सरळ ठेवून समोर टार्गेटकडे बघा. डोकं ताठ, जबडा सैल. कुणाकडून तरी समोरून आणि बाजूने मोबाइलवर फोटो काढून घ्या. रायफल येऊन बसल्यावर चित्र यापेक्षा फार वेगळं दिसायला नको. पुढची सगळी जुळणी या फोटोशी ताडून बघायची.

स्टॉकची जुळणी

एक वही घ्या आणि रायफलवर आत्ता जी मापं आहेत ती सगळी लिहून ठेवा. मिलिमीटरची पट्टी बऱ्याच रायफलींवर कोरलेलीच असते, नसेल तर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने खूण करा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की किमान तीन-चार सत्रं तशीच वापरायची. एका दिवसात बट, गालपट्टी आणि ग्रिप तिन्ही बदलले तर कशाने काय झालं हे कधीच कळणार नाही.

*बटची लांबी.* बट प्लेट उजव्या कोपराच्या खोबणीत टेकवून बोट ट्रिगरपर्यंत पोचतं का ते बघणं ही ढोबळ सुरुवात. खरी परीक्षा पोझिशनमध्ये. लांबी जास्त असली की उजवा खांदा मागे ढकलला जातो आणि रायफल शरीरापासून लांब जाते, मग डाव्या हाताला वजन जास्त वाटायला लागतं. कमी असली की डोळा मागच्या साइटला चिकटतो आणि उजवं मनगट वाकतं. डोळा आणि मागच्या साइटच्या छिद्रामध्ये तीन-चार सेंटिमीटर अंतर राहिलं आणि उजवा खांदा सहज पडलेला असला की लांबी बरोबर आहे.

*बटची उंची.* इथे सगळ्यांत जास्त घोळ होतो. डोकं पुढे झुकवून गाल रायफलवर न्यावा लागत असेल, तर रायफल डोळ्याच्या मानाने खाली आहे. बट प्लेट खाली सरकवा म्हणजे रायफल वर येईल. तेवढ्याने भागलं नाही तर साइटखाली राइझर बसवून साइट वर घ्याव्या लागतात, आणि त्याबरोबर गालपट्टीही. मान लांब असलेल्यांना राइझर जवळपास हमखास लागतात. डोकं सरळ ठेवण्यामागे मोठं कारण आहे: तोल सांभाळणारी यंत्रणा कानाच्या आत असते, डोकं तिरकं झालं की शरीराचं डोलणं वाढतं. शिवाय भुवईच्या कडेतून तिरपं बघताना डोळा लवकर थकतो.

*डाव्या हाताचा आधार.* कोपर कमरेवर टेकलेलं, मूठ किंवा बोटं रायफलखाली. एवढ्याने रायफल टार्गेटच्या उंचीला आली तर उत्तम. टार्गेटचा मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर असतो. रायफल खालीच राहत असेल तर खांदे उचलू नका, हॅन्ड रेस्टचा ठोकळा उंच करा. फोटोत डावा खांदा वर चढलेला दिसला की समजावं की हाताखाली उंची कमी पडते आहे आणि ती भरपाई खांद्याचा स्नायू करतो आहे. मनगट सरळ राहील अशी पकड निवडा.

*गालपट्टी.* डोळे मिटा, डोकं नेहमीसारखं गालपट्टीवर सोडा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. पुढच्या साइटचं वर्तुळ मागच्या छिद्राच्या मधोमध दिसायला हवं. वर दिसलं, खाली दिसलं, बाजूला दिसलं तर डोकं न हलवता गालपट्टी हलवा. हीच परीक्षा साठाव्या शॉटलाही द्यावी लागते, म्हणून थकल्यावर पुन्हा करून बघा. यात हयगय किती महागात पडते ते आकड्यात बघू. पुढची आणि मागची साइट यांत साधारण ८० सेंटिमीटर अंतर असतं. डोळा सरकल्याने वर्तुळ केवळ ०.१ मिलिमीटर मध्याबाहेर गेलं, तर दहा मीटरवर छर्रा सव्वा मिलिमीटर सरकतो. अर्धा गुण गेला.

*ग्रिप आणि ट्रिगर.* उजव्या हाताने हस्तांदोलनाएवढ्या दाबाने पकड. तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर, बोटाचा बाकीचा भाग लाकडाला किंवा ॲल्युमिनियमला न टेकलेला. बोट सरळ मागे यायला हवं. तिरकं ओढलं जात असेल तर ट्रिगरचं पातं पुढेमागे सरकवा किंवा ग्रिप फिरवा. एअर रायफलच्या ट्रिगरला नियमात किमान वजन नाही, त्यामुळे बरेच जण शंभर ग्रॅमच्या आसपास ठेवतात. नवख्याने थोडं जड ठेवावं. पहिला टप्पा स्पष्ट जाणवावा, मग ठाम थांबा, मग सुटका. फार हलका ट्रिगर बोटाला सवय नसताना आपोआप सुटतो आणि मग मनात धास्ती बसते.

*वजनं.* पोझिशन पक्की झाल्यावरच. बॅरलच्या टोकाकडे वजन वाढवलं की आडवी हालचाल संथ होते, पण पाठीवरचा भारही वाढतो. एका वेळी पन्नास ग्रॅम. शेवटच्या दहा शॉटमध्ये होल्ड, म्हणजे नेमावर रायफल स्थिर धरणं, बिघडत असेल तर वजन जास्त झालं, पहिल्या दहात कितीही स्थिर वाटलं तरी.

साइट

दुर्बीण या खेळात चालत नाही, मागे बारीक छिद्र आणि पुढे वर्तुळ. टार्गेटचा काळा भाग ३०.५ मिलिमीटरचा. दहा मीटरवरून बघताना तो सुमारे ९० सेंटिमीटरवरच्या पुढच्या साइटमध्ये २.७ मिलिमीटरएवढा दिसतो. वर्तुळ ४ मिलिमीटरचं घेतलं तर काळ्याभोवती सगळीकडून सहा-सात दशांश मिलिमीटरची पांढरी कड राहते. ही कड पुरेशी हवी. लहान वर्तुळ घेतलं की नेम जास्त काटेकोर होईल असं वाटतं, पण डोळ्याला पांढरी कड सारखी आहे का नाही हेच ठरवता येत नाही आणि शॉट लांबत जातो. नवख्याने मोठ्या वर्तुळापासून सुरू करावं. मागचं छिद्र १.१ ते १.२ मिलिमीटरच्या आसपास, उजेड कमी असेल तर थोडं मोठं.

रायफल थोडी कलती धरणं चालतं, बरेच जागतिक दर्जाचे नेमबाज धरतात. कल मात्र दर वेळी तोच हवा. दहा मीटर जाईपर्यंत छर्रा गुरुत्वाकर्षणाने सुमारे १८ मिलिमीटर खाली येतो. साइटने ती घसरण भरून काढलेली असते ती ठरावीक कल धरून. कल पाच अंशांनी बदलला तर छर्रा बाजूला दीड मिलिमीटर जातो, साइटचं चित्र अगदी निर्दोष दिसत असताना. अकारण ९.८, ९.९ यायला लागले आणि सगळे एकाच बाजूला, तर आधी कल तपासा.

छर्रे निवडणं

प्रत्येक बॅरलला कुठला छर्रा मानवतो हे बांधून मारल्याशिवाय समजत नाही. आरडब्ल्यूएस, एच ॲन्ड एन, जेएसबी यांच्या मॅच छर्र्यांचे वेगवेगळ्या डोक्याच्या मापाचे डबे मिळतात, ४.४९, ४.५०, ४.५१ असे. क्लबमध्ये क्लॅम्प असेल तर प्रत्येक डब्यातले दहा-दहा छर्रे मारून बघा. भोकाच्या बाहेरच्या कडा मोजल्या तर चांगला ग्रुप (भोकांचा पुंजका) साडेपाच मिलिमीटरच्या आसपास येतो, म्हणजे छर्र्यांचे मध्य एक मिलिमीटरमध्ये. जो डबा जुळला त्याच्या लॉटचा नंबर टिपून त्याच लॉटचे डबे स्पर्धांसाठी घेऊन ठेवा. पहिल्या वर्षी मात्र यात पैसे घालू नका. तुमचा होल्ड अजून आठाच्या वर्तुळाएवढा फिरत असताना छर्र्यातला फरक त्यात दिसणारच नाही.

छर्रे शिशाचे असतात. तोंडात धरू नका, आणि सराव झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाचा डबा उघडू नका. मुलांच्या बाबतीत पालकांनी याकडे लक्ष द्यावं.

झीरो करणं

झीरो करणं म्हणजे नेम जिथे तिथेच छर्रा लागेल अशी साइट जुळवणं. पाच छर्रे मारा, पाचांचा मध्य शोधा, मग साइटच्या स्क्रूचे क्लिक फिरवा. प्रत्येक शॉटनंतर क्लिक फिरवणारा आपल्याच चुकीच्या मागे धावत राहतो. कुठल्या दिशेला फिरवलं की छर्रा कुठे सरकतो आणि दहा क्लिकला किती, हे आपल्या साइटवर मारून बघून वहीत लिहा. कंपनीनुसार ते बदलतं. स्पर्धेत साठ शॉटआधी तयारी आणि साइटिंगसाठी १५ मिनिटं मिळतात, तेवढ्यात झीरो, पोझिशन आणि मन तिन्ही बसवायचं असतं.

सराव: आधी छर्र्याविना

पहिले कित्येक आठवडे ड्राय फायरच जास्त हवं. मॅच रायफलींमध्ये हवा न सोडता ट्रिगर चालवायची सोय असते. घरी पाच मीटरची मोकळी जागा असेल तर टार्गेट निम्म्या आकारात छापा, काळा भाग १५.२५ मिलिमीटरचा करून १.४० मीटर उंचीवर लावा. रायफलमध्ये छर्रा नाही याची दोनदा खात्री, समोर भक्कम भिंत, दरवाजा बंद.

सुरुवात नैसर्गिक नेमबिंदूपासून. पोझिशन घ्या, डोळे मिटा, श्वास सोडून अंग सैल करा, उघडा. रायफल डावी-उजवीकडे बघत असेल तर हातांनी ओढून आणू नका. मागचा पाय किंचित हलवा आणि पुन्हा तपासा. वर-खाली असेल तर हाताखालची उंची किंवा बट बघा. हे जमेपर्यंत पुढचं काही करू नका, कारण हातांनी ओढून आणलेली रायफल ट्रिगर सुटताच आपल्या मूळ जागी परत जाते आणि छर्रा तिच्या बरोबर जातो.

मग होल्ड. कोऱ्या पांढऱ्या कागदावर, काळा भाग नसताना, फक्त वर्तुळ मध्यभागी ठेवत दहा-बारा सेकंद. टार्गेट नसल्याने मन गुणांकडे जात नाही आणि शरीराचं डोलणं स्पष्ट दिसतं. मग कागदावर एक उभी काळी रेघ काढून रायफल तिच्यावरून वरून खाली आणा, रेघ सोडायची नाही. आडवी हालचाल कुठून येते ते लगेच कळतं, बहुतेक वेळा पायांतून आणि कमरेतून.

ट्रिगर यानंतर. काळा भाग वर्तुळात वरून उतरत येतो, श्वास अर्धा सुटलेला, पहिला टप्पा घेतलेला, होल्ड शांत होत जातो आणि त्या शांततेत दाब वाढत जाऊन ट्रिगर सुटतो. सुटल्यावर एक-दोन सेकंद काहीही हलवायचं नाही, साइटचं चित्र बघत राहायचं. सुटण्याच्या क्षणी ते जिथे होतं तिथेच राहिलं तर शॉट चांगला. वर्तुळ स्थिर झाल्यापासून आठ-दहा सेकंदांत शॉट सुटला नाही तर रायफल खाली घ्या. रायफल खाली घेणं हेच या खेळातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते वेगळं शिकावं लागतं. एक उपाय: दर पाच ड्राय शॉटमागे एक शॉट मुद्दाम रद्द करा, चांगला वाटत असतानाही. रद्द करायची सवय अंगात भिनली तरच स्पर्धेत ती उपयोगी पडते. श्वास फार वेळ रोखला की नजर धूसर होते आणि काळ्याची प्रतिमा डोळ्यावर छापली जाते, मग दिसतं ते खरं चित्र नसतं.

छर्र्यांसह

कोऱ्या कागदावर दहाचे ग्रुप मारा. गुण नाहीत, फक्त ग्रुपचा आकार बघायचा. उभा लांबट ग्रुप आला तर श्वास किंवा हाताखालची उंची, आडवा पसरला तर पाय आणि कंबर. एक घट्ट ग्रुप आणि दोन-तीन लांब गेलेले आले तर बहुतेक वेळा ट्रिगर किंवा फॉलो थ्रू (सुटल्यावर न हलता थांबणं).

यानंतर मोजून मारायला लागा, पण प्रत्येक शॉटनंतर मॉनिटर बघण्याआधी मनात सांगा: ‘डावीकडे, ९.८’. मग बघा. सांगितलेलं आणि आलेलं जुळायला लागलं की तुमची नजर खरं बघायला लागली आहे. जुळत नसेल आणि तुम्हाला शॉट कायम चांगला वाटत असेल, तर झीरो, कल किंवा गाल यांतलं काहीतरी सरकतं आहे. वहीत दिवसाचा एकूण आकडा लिहायचाच असेल तर एका कोपऱ्यात लिहा. पानभर लिहायला हवं ते असं: आज काय बदललं, कुठला शॉट सहज सुटला, कुठे अडलं.

आठवड्यातून चार दिवस दीड-दीड तास हा शाळा-नोकरी सांभाळून जमण्यासारखा बेत आहे. त्यातले दोन दिवस ड्राय आणि होल्ड, एक दिवस ग्रुप, एक दिवस मॅचसारखे सलग शॉट. साठ शॉटची पूर्ण मॅच रोज मारू नका. पंधरा दिवसांतून एकदा घड्याळ लावून मारा. ७५ मिनिटांना साठाने भागलं तर शॉटमागे सव्वा मिनिट येतं, म्हणजे रायफल खाली घेऊन पुन्हा चढवायला वेळ भरपूर आहे. मधे बसा, पाणी प्या.

पाठीचं बघा. ही पोझिशन कण्याला मागे झुकवते आणि पिळते, तेही दर वेळी एकाच बाजूला. पोट आणि पाठीचे व्यायाम, प्लँक, एका पायावर उभं राहणं, आणि सराव संपल्यावर उलट्या बाजूला ताणणं हे ऐच्छिक नाही. वाढत्या मुलांच्या पाठीत सतत दुखत असेल तर सराव थांबवून डॉक्टरांना दाखवा आणि रायफल नव्याने बेता. मुलाची उंची वाढली की दर तीन-चार महिन्यांनी फोटो पुन्हा काढून मापं तपासावीच लागतात.

हवा, पावसाळा, निगा

सिलिंडरमध्ये कोरडी हवा भरा. कोकणात आणि कोल्हापूरकडे पावसाळ्यात हातपंपाने भरलेल्या हवेतून ओल आत जाते, म्हणून पंपाची ओल शोषणारी पूड वेळेवर बदला किंवा फिल्टर असलेल्या कॉम्प्रेसरवरून भरून घ्या. २०० बारच्या सिलिंडरमध्ये ३०० बार कधीही नाही. सिलिंडर हाताने घट्ट बसवायचा, पान्याने नाही, आणि गाडीच्या डिकीत उन्हात सोडायचा नाही. विमानप्रवासात तो रिकामा करावा लागतो.

जॅकेट घडी घालू नका, हँगरवर लटकवा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत बंद कपाटात त्याला बुरशी चढते, पंख्याखाली वाळवून मगच आत ठेवा. रायफलच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि घामाचे हात लागलेले धातूचे भाग रोज कोरड्या फडक्याने पुसा.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत आणि त्यांना अपवाद नाही. बॅरलचं तोंड कायम टार्गेटकडे. शॉट मारायचा नसेल तेव्हा बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग. कुणी टार्गेटच्या बाजूला गेलं असेल तर रायफलला कुणीही हात लावायचा नाही. घरी पेटीला कुलूप, छर्रे वेगळ्या जागी.

स्पर्धेला जाताना

पुण्यात बालेवाडीला, मुंबईत वरळीला, कोल्हापुरात दुधाळीला रेंज आहेत. क्लबमार्फत राज्य स्पर्धा आणि तिथून पुढे अखिल भारतीय जी. व्ही. मावळंकर स्पर्धा अशी वाट जाते. दादासाहेब मावळंकर म्हणजे पहिल्या लोकसभेचे सभापती आणि राष्ट्रीय रायफल संघटनेचे पहिले अध्यक्ष, त्यांच्या नावाने ही स्पर्धा भरते.

प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी साहित्यतपासणी असते. जॅकेटची जाडी आणि ताठरपणा, बुटाचा तळ, रायफलचं वजन, सगळं मोजतात. तिथे एखादी गोष्ट नापास झाली की ऐनवेळी पोझिशन मोडते, म्हणून महिनाभर आधी क्लबमध्ये वजनकाटा आणि पट्टी घेऊन स्वतः मोजा. तपासणीनंतर काहीही बदलायचं नाही. आणि वहीतल्या मापांची एक प्रत पेटीत ठेवा. प्रवासासाठी बट प्लेट किंवा साइट काढावी लागते, ती परत बसवताना आठवणीवर भरवसा ठेवू नका, पट्टी लावून प्रत्येक माप मिलिमीटरला मिलिमीटर जुळवा आणि मग पाच ड्राय शॉट मारून गाल टेकवल्यावर वर्तुळ मधोमध येतं का ते बघा.